पातळ पोहे

आमच्या घरी कुणीही आलं, की पाण्याचा पेला हातात पडायच्या आत बाबा सांगून मोकळे व्हायचे, "माधव बँकेच्या परीक्षा देतोय." पाहुण्यानं विचारलेलंही नसायचं. पहिल्या वर्षी ते खरं होतं. मी एक परीक्षा दिली, नापास झालो आणि तो विषय माझ्यापुरता मिटला. बाबांच्या लेखी मात्र मी पुढची कित्येक वर्षं परीक्षा देतच होतो. त्यांच्या कारखान्यातल्या माणसांना वाटत असणार, हा मुलगा एक तर महामूर्ख आहे किंवा बँकेचा गव्हर्नर व्हायला निघालाय. खरी गोष्ट एवढीच होती, की मी घर बघत होतो. स्वयंपाक, धुणंभांडी, बाजारहाट, आईचं सगळं, आणि दुपारी चार वाजता फिल्टरची कॉफी. मला त्यात मजा येत होती. पण हे वाक्य त्या काळी पंचविशीतल्या मुलानं उच्चारण्यासारखं नव्हतं, म्हणून मी ते उच्चारत नसे.

आम्ही मूळचे सांगलीकडचे. बाबा सरकारी कारखान्यात इंजिनियर म्हणून बंगळूरला आले, मल्लेश्वरमला एका घराचा वरचा मजला भाड्यानं घेतला आणि तिथेच राहिले. मी एकुलता एक. मी कॉलेजात असताना आईला संधिवातानं धरलं. आधी मनगटं सुजली, मग बोटं वाकडी होत गेली, आणि एके दिवशी कणीक मळता मळता तिनं परात बाजूला सारली आणि म्हणाली, "माधू, ये रे जरा इकडे." तिथून माझं शिक्षण सुरू झालं. आई ओट्याशेजारी लाकडी स्टुलावर बसायची आणि मी तिचे हात व्हायचो. "मीठ घाल. अरे चिमटीनं काय घालतोस देवाला अक्षता वाहिल्यासारखं? तळहातावर घे." "फोडणीत मोहरी तडतडल्याशिवाय जिरं टाकलंस तर बघ." "हळद जळली. जाऊ दे, आज बाबांना कळायचं नाही." बाबांना खरंच कधी काही कळायचं नाही. पानात पडेल ते जेवायचे आणि पेपर वाचायचे.

मधल्या काळात आम्ही स्वयंपाकाला बायका ठेवून पाहिल्या, नाही असं नाही. एक जण आमटीत इतकी चिंच घालायची की दात आंबायचे. दुसरी चांगली होती, पण तिला आईनं स्टुलावर बसून सूचना दिलेल्या खपत नसत, आणि आईला स्टुलावरून उठणं खपत नसे. स्वयंपाकघर हातचं गेलं की आई गप्प गप्प व्हायची. मी करत असलो की दिवसभर बोलायची, रागवायची, माहेरच्या गोष्टी सांगायची. सकाळी मी तिची वेणी घालायचो, तेव्हाही तिचं तोंड सुरूच. सुरुवातीला पेड लहानमोठे व्हायचे, ती आरशात बघून म्हणायची, "ही वेणी आहे की सुंभ?" पुढे हात असा बसला की डोळे मिटून घालावी.

त्या दिवसांचे आवाज अजून कानात आहेत. पहाटे खालच्या मजल्यावर पाट्यावरवंट्याची घरघर. मग रस्त्यावरून "सोप्पूऽ, सोप्पूऽ" असं ओरडत पालेभाजीवाली, तिच्या मागून फुलवाला. बाबांची कारखान्याची बस कोपऱ्यावर हॉर्न द्यायची आणि ते बूट घालता घालता "डबा, डबा!" करायचे. बस गेली की घर जे शांत व्हायचं, ते मला फार आवडायचं. पुढचे काही तास सगळे माझे. डाळ शिजत घालायची, तोवर गच्चीवर धुणं. शर्ट झटकून, कॉलर खाली करून, ओळीनं. वाळलेल्या कपड्यांची घडी घालताना ऊन अजून त्यात असायचं. दुपारी फरशी पुसून झाली, की दाराशी उभा राहून मी नुसता बघत राहायचो. कुणी विचारेल, फरशीत काय बघायचं? स्वच्छ पुसलेली फरशी बघायची. मला तेवढ्यानं बरं वाटायचं. यशवंतपूरच्या एका कारखान्यात मी आठ महिने कारकुनी केली होती, तिथे एकाही संध्याकाळी असं वाटलं नव्हतं.

आताशा आमच्यासारख्यांना इंग्रजी नाव निघालंय. माझी मुलगी कोरमंगलात राहते, तिच्या ऑफिसातली पोरं मला भेटली की म्हणतात, "अंकल, यू वर अ हाउस हजबंड! सो कूल!" माझ्या तो शब्द डोक्यात जातो. अरे, मी कुणाचा नवरा व्हायच्या आधीपासून घर बघतोय. कूल वगैरे काही नव्हतं त्यात. आमटी उतू जाते, मोरी तुंबते, पाहुणे न सांगता येतात. पण स्वतःच्या हातानं चालवलेलं घर संध्याकाळी दिवा लावून बसलं, की जो निवांतपणा वाटतो तो मी दुसऱ्या कशात पाहिलेला नाही. असो. मुलीच्या घरी फ्रिजमध्ये सॉसच्या पुड्या आणि अर्धं लिंबू असतं. मी काही बोलत नाही. म्हणजे, फार बोलत नाही.

माझं अर्धं शिक्षण आईनं केलं, तर उरलेलं खालच्या अक्कांनी. अक्का आमच्या घरमालकीण. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या इकडचंच, पण घरात मराठी. त्यांची मराठी ऐकून आई पहिल्यांदा गोंधळून गेली होती. "स्वल्प बस की गं, काफी घे" असं त्या म्हणायच्या. अक्कांनी मला सारू म्हणजे इकडचं रस्सम शिकवलं, हुळी म्हणजे इकडचं सांबार शिकवलं, आणि अक्की रोट्टी. तांदळाच्या पिठात कांदा, मिरची, शेपू, ओलं खोबरं घालायचं आणि तेल लावलेल्या गार तव्यावर ओल्या हातानं थापायचं. तवा तापलेला असला की बोटं भाजतात, म्हणून दोन तवे ठेवायचे. एकावर रोट्टी भाजतेय तोवर दुसरा उपडा करून नळाखाली गार करायचा. "घाई करू नको, पुट्टा," त्या म्हणायच्या, "रोट्टीला घाई कळते." इकडच्या दुकानांत पोह्यांना अवलक्की म्हणतात आणि ते दोन तऱ्हेचे मिळतात, जाड ते गट्टी आणि पातळ ते पेपर, हेही अक्कांनीच सांगितलं. कांदेपोह्यांना गट्टी, चिवड्याला पेपर.

तर, माझ्या लग्नाची गोष्ट निघाली. बाबांच्या एका मित्राच्या ओळखीनं वसुधाचं स्थळ आलं. मुलगी पुण्याची, इथल्या एका संशोधन संस्थेत नोकरीला, वसतिगृहात राहणारी. आई-वडील नव्हते, आत्यानं वाढवलेली. अशी मुलगी आमच्या घरात येणार म्हणजे बाबांना आकाश ठेंगणं झालं. आणि लगेच दुसऱ्या बाजूनं घाम फुटला. कारण मुलीकडचे विचारणार, मुलगा काय करतो? 'परीक्षा देतोय' आता चालण्यासारखं नव्हतं. म्हणून बाबांनी परस्पर यशवंतपूरला जाऊन, मी जिथून सुटलो होतो त्याच कारखान्यात, त्यांच्या मित्राला गळ घालून माझी जागा पक्की केली. एक तारखेपासून हजर व्हायचं. हे त्यांनी मला जेवताना सांगितलं, कोशिंबीर वाढून घेता घेता.

"आणि आई?" मी विचारलं.

"बाई ठेवू."

"ठेवून झाल्यात."

"मग दुसरी ठेवू! माधव, माझ्या जिवाला काय वाटत असेल याचा विचार कर. तीस वर्षं मी यंत्रं उभी केली, आणि माझा मुलगा पोळ्या लाटतो. हे मी मुलीकडच्यांना सांगू? कोण देईल मुलगी?"

आईलाही माझं लग्न व्हायला हवं होतं. मी गेल्यावर दिवसभर त्या स्टुलावर ती कुणाशी बोलणार, हे तिला कळत होतं, मला कळत होतं, आणि मला वाटतं बाबांनाही कळत होतं. मला वसुधाचा फोटो आवडला होता, हे कशाला लपवू? पण खोटं सांगून लग्न केलं, तर एक तारखेला मला त्या टेबलामागे जाऊन बसावं लागणार आणि मग आयुष्यभर तिथंच. आणि खरं सांगितलं तर फोटो परत जाणार. मी दोन दिवस भांडी जरा जास्तच आपटली.

रिवाजाप्रमाणे आम्ही मुलीकडे जायचं. पण मुलगी वसतिगृहात, तिथे कुठे पोहे आणि कुठे ट्रे! म्हणून असं ठरलं, की आत्या पुण्याहून येतील आणि दोघी रविवारी सकाळी आमच्याकडेच येतील. म्हणजे मुलगी बघण्याऐवजी मुलगाच बघायचा कार्यक्रम. बाबांनी रविवारी पहाटेच जाहीर केलं, "आज तू स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाहीस. इस्त्रीचा शर्ट घाल आणि बाहेर बस. पोहे मी करीन. तुझी आई सांगेल, मी करीन. काय अवघड आहे त्यात?" आदल्या संध्याकाळी सामानही तेच घेऊन आले होते आणि पिशवी कुणाला उघडू दिली नव्हती. मी सकाळी आईची वेणी घातली, कॉफीचं डिकॉक्शन उतरवून ठेवलं आणि बाहेर जाऊन खुर्चीवर बसलो, दाढीच्या दुकानात नंबर लावून बसतात तसा.

त्या वेळेवर आल्या. आत्या ठेंगण्या, जाड भिंगांचा चष्मा, बोलायला एकदम खणखणीत. वसुधा उंच, सुती साडी, पायात साध्या चपला. बाबांनी स्वागत केलं, माझं एक तारखेचं जॉइनिंग लगेच सांगितलं, आणि "आलोच" म्हणून आत गेले. बाहेर आम्ही तिघं. आत्यांनी विचारलं, "बंगळूरची हवा मानवली का?" मी म्हटलं, "माझी लहानपणापासून तीच आहे." वसुधा हसली. तेवढ्यात आतून पाण्याचा मोठा आवाज आला, नळ पूर्ण सोडल्यासारखा, आणि त्यावर आईचा आवाज, "अहो! अहो, काय करताय? पेपर आहेत ते! पातळ पोहे आहेत! बुडवले काय सगळे?"

मग बाबांचा आवाज, अगदी हळू, पण आमचं घर केवढंसं, "मला वाटलं हे भारी असतील. पांढरेशुभ्र होते. वाण्यानं विचारलं पेपर देऊ का, मी म्हटलं दे."

मी काय झालं असणार ते बसल्या जागी ओळखलं. जाड पोहे चाळणीत घेऊन पाण्याखाली धरले की फुलतात. पातळ पोहे पाण्यात बुडवले, की पोहे राहत नाहीत, लगदा होतो. बाबा दारात आले. त्यांच्या दोन्ही हातांना पांढरा चिकटा लागला होता आणि ते हात त्यांनी असे पुढे धरले होते, की कुठे पुसावेत तेच कळत नव्हतं. एवढ्या मोठ्या माणसाला मी असं कधी पाहिलं नव्हतं. माझा सगळा राग तिथल्या तिथे गेला. मी उठलो, इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या आणि म्हटलं, "बाबा, तुम्ही बसा यांच्याशी बोलत. मी बघतो."

स्वयंपाकघरात आई स्टुलावर डोकं धरून बसली होती. "फेकून दे," ती म्हणाली, "वाटेल तर खालून अक्कांकडून काहीतरी आण."

"आणतो. शेपू आणतो."

अक्कांनी जिन्यात उभं राहूनच शेपू आणि खोवलेल्या खोबऱ्याची वाटी दिली. "मुलगी कशी आहे रे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "उंच." त्या म्हणाल्या, "सरी, सरी. बरं, जा." पोह्यांचा लगदा मी धुतलेल्या पंच्यात घालून घट्ट पिळला. त्यात मावेल तेवढं तांदळाचं पीठ, कांदा, मिरच्या, शेपू, खोबरं, जिरं, मीठ. मळून गोळा बरोबर झाला की हाताला कळतं. दोन तवे काढले. पहिली रोट्टी थापून मध्ये बोटानं भोक पाडलं, तेल सोडलं, झाकण घातलं. दुसरा तवा तयार ठेवला. कांदा चिरताना, थापताना, मला बाहेर कोण बसलंय याचाही विसर पडला होता. मागे वळलो तर दारात वसुधा उभी.

"आत येऊ?" तिनं विचारलं.

"या. चपला काढल्यात ना?"

"काढल्यात." ती आत येऊन भिंतीला टेकून उभी राहिली आणि नीट बघू लागली, प्रयोगशाळेत बघतात तसं. मी तवा उपडा करून नळाखाली धरला, फुस्स झालं. "हे कशासाठी?" तिनं विचारलं. मी सांगितलं. तिनं मान डोलावली. मग म्हणाली, "तुम्ही हे पहिल्यांदा करत नाही आहात."

आईनं माझ्याकडे पाहिलं. आता ठरवायचं होतं. बाहेर बाबा आत्यांना कारखान्यातल्या बढत्यांबद्दल सांगत होते, ते मला ऐकू येत होतं.

"रोज मीच करतो," मी म्हटलं. "दोन्ही वेळचं. बाकी घराचंही. बाबा लोकांना सांगतात तशा बँकेच्या परीक्षा मी देत नाही. एक तारखेची नोकरी बाबांनी तुमच्यासाठी ठरवली आहे, मला ती करायची नाही. मी एकदा करून पाहिली आहे. मला हे आवडतं." बोलता बोलता रोट्टी उलटायची वेळ झाली होती, म्हणून मी उलटली. चांगली तांबूस झाली होती.

वसुधानं ती तांबूस बाजू वाकून पाहिली. मग म्हणाली, "मला कामावरून यायला उशीर होतो. कधी कधी आठसुद्धा वाजतात."

"तुम्ही आल्यावर गरम करीन," मी म्हटलं. "गार रोट्टी मी कुणाला वाढत नाही."

ताटल्या घेऊन आम्ही बाहेर आलो. रोट्टीवर लोण्याचा गोळा, बाजूला चटणी. आत्यांनी एक घास खाल्ला आणि चष्मा वर करून ताटलीकडे पाहिलं. "हे पोह्यांचं?" "पोह्यांचं होतं," मी म्हटलं. "कुणी केलं?" बाबांनी घाईनं तोंड उघडलं, "ते काय झालं, आज त्याच्या आईचे हात जरा..." आणि तिथे आई बोलली. ती आतून भिंतीला धरत धरत आली होती. "माझे हात आजच नाही, कित्येक वर्षं चालत नाहीत," ती म्हणाली. "या घरात जे शिजतं ते माधू शिजवतो. माझी वेणीसुद्धा तोच घालतो. ही बघा, आजचीच आहे." आणि तिनं मान वळवून वेणी पुढे घेतली.

आत्या बघतच राहिल्या. बाबा जमिनीकडे बघत होते. "पण मग लोकांना सांगायचं काय?" आत्या शेवटी म्हणाल्या, वाईट हेतूनं नाही, अगदी मनापासून अडचण पडल्यासारख्या.

"जे आहे ते," वसुधा म्हणाली. "आत्या, तू खा ना. गार होतंय."

होकार दोन दिवसांनी आला. अक्कांच्या घरी फोन होता, त्यावर. अक्कांनीच तो घेतला आणि जिन्यातून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं. आई रडली. मी रडलो नाही, पण त्या दिवशी आमटीत दोनदा मीठ पडलं. बाबांनी यशवंतपूरच्या मित्राला काय सांगितलं ते मला ठाऊक नाही. माझ्याशी ते बरेच दिवस कामापुरतंच बोलत. लग्नातही कुणी विचारलं, की "चाललंय आपलं" असं म्हणून जेवणाच्या पंगतीकडे हात दाखवायचे. वसुधा आली, घर भरलं, आई स्टुलावरून आता दोघांना सूचना देऊ लागली, आणि वसुधा एकीकडे प्रबंध वाचत "हो आई, हो आई" म्हणायची आणि काही करायची नाही. आम्ही फार सुखात होतो. हे लिहितानाही ती पलीकडच्या खोलीत आहे. निवृत्त होऊन तिला वर्षं झाली, तरी स्वयंपाकघरात आली की अजून भिंतीला टेकूनच उभी राहते. माझी त्याबद्दल काही तक्रार नाही.

बाबांचं एक मात्र मनाला लागून राहिलं होतं. त्यांना मी आवडत होतो, माझं जेवण आवडत होतं, सुनेचा तर कोण अभिमान. पण 'मुलगा काय करतो' या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं, आणि ते बिचारे प्रत्येक वेळी शोधत राहायचे. मी पुढे होऊन सांगितलं असतं, पण ते माझ्या तोंडून ऐकून त्यांना अजूनच लाज वाटली असती, असं मला वाटायचं.

ते निवृत्त झाल्यावरची गोष्ट. एका सकाळी मी बाजाराला निघालो तर म्हणाले, "थांब, मीही येतो." पिशवी त्यांनी घेतली. वाण्याच्या दुकानात नवा माणूस गल्ल्यावर होता, जुन्या मालकाचा जावई. गप्पिष्ट. बाबांना बसायला स्टूल दिलं, कोणत्या कारखान्यात होतात वगैरे विचारलं आणि मग माझ्याकडे बघून कन्नडमध्ये तो प्रश्न आलाच, "मगा एन माडतारे?" चिरंजीव काय करतात?

मी वेलचीच्या बरणीकडे बघायला लागलो. बाबांनी घसा साफ केला. बाबांचं कन्नड तीस-पस्तीस वर्षांनंतरही कामचलाऊच होतं, त्यामुळे ते शब्द एकेक करून वेचत बोलायचे. "मने नोडकोताने," ते म्हणाले. घर बघतो. आणि जरा थांबून, कुणी विचारलं नसताना, "अडिगेनू अवने." स्वयंपाकही तोच.

"सरी, सरी," दुकानदार म्हणाला. त्याला त्यात विशेष काही वाटलं नाही. त्यानं पोह्यांच्या पोत्यांवर हात ठेवला. कोणते देऊ, पेपर की गट्टी?

बाबा माझ्याकडे वळले. "गट्टीच ना रे?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "हो बाबा. गट्टीच."